खालून वर

तिसऱ्या गेटच्या अलीकडे, पंक्चरवाल्याला लागून
भरमा होनगेकरचं दुकान: सहा स्टुलं, एक फळी,
फळीपलीकडे दोन पातेली आणि भरमा.
बसलं की समोर माणूस नसतो, वाफ असते.
शेजारी कोण, ते कोपराला कळतं.

तीन वर्षं जपानात लेथवर होता.
लोक येताना कॅमेरा आणतात,
ह्यानं हाडं उकळायची रीत आणली.
"पाया म्हण की सरळ," आत्तीनं निकाल दिला,
"शेवया घातलेला पाया."

बोर्ड मी रंगवला.
वर कानडी, मोठं, टेप लावून,
खाली मराठी, जागा उरेल तेवढी.
पस्तीस वर्षं हेच करतोय.
रात्री कुणीतरी डांबर फासतं,
सकाळी ते खरवडायला मलाच बोलावणं.
दोन्हीकडचे पैसे घेतलेत, खोटं कशाला बोलू.
दोन्हीकडचा अनुस्वार हाताला पाठ आहे:
आपलं टिंब, अक्षराच्या डोक्यावर,
त्यांचं पूज्य, अक्षराच्या कडेला, गोल, पोट भरल्यासारखं.

मग दारातल्या निळ्या कापडासाठी
भरमानं मोबाइल पुढं केला. "एवढं काढ."
तीन अक्षरं, मध्ये एक आडवी रेघ.
वाचता येईना, म्हणून नुसतं काढलं.
कुणाचं नाव नाही, कुणाची बाजू नाही.
असा ब्रश मी शाळेतल्या फळ्यानंतर
धरला नव्हता.
मजुरी ठरली चाळीस वाडगे.

आज तेविसावा.
अर्धं अंडं, कांद्याची पात,
समुद्राचा म्हणे, एक काळा कागद.
पहिल्या दिवशी मी मुकाट्यानं जेवलो होतो.
भरमा म्हणाला, "आवाज कर की.
तिकडं आवाज आला नाही तर
आवडलं नाही असं धरतात."
पंगतीत भुरका मारला म्हणून
बापानं कानशिलात दिली होती मला, वडगावात, सगळ्यांदेखत.
त्यावर बावन्न वर्षांनी इथं परवानगी मिळाली.

तर आज उद्यमबागेत मशीन बसवायला आलेला एक पाहुणा
कापडाखालून वाकून आत आला,
परत बाहेर गेला,
वर बघत उभा राहिला.
आत येऊन भरमाला काहीतरी म्हणाला. दोघं हसले.

"काय म्हणतोय?"
"शेवटचं अक्षर 'न' पाहिजे. तू 'सो' काढलायस.
रेघ खालून वर मारायची असते,
तू वरून खाली ओढलीस."
मग जरा थांबून, "म्हणजे त्यांचा अनुस्वारच की रे तो."

माझे कान तापले. रश्श्यानं नव्हे.
"तुला कधी कळलं?"
"कापड वाळायच्या आधी."
"आणि बोलला न्हाईस?"
"तू दोन पावलं मागं सरून शीळ घातलीस.
तुला शीळ घालताना कोण बघितलंय आजवर?"

"आत्ता नीट करतो. डबा सायकललाच हाय."
"नको बाबा. ह्या गावात बोर्डाला हात लावला
की गर्दी जमते."
सहाव्या स्टुलावरचा हवालदार
ड्यूटी संपवून आलेला, 
त्याला आधी हसू आलं, मग ठसका.

"इन्नू स्वल्प हाकला?" शिवलीलानं विचारलं,
बैलहोंगलची पोरगी, उत्तराची वाट बघत नाही.
माझ्या वाडग्यात डाव ओतला, पाहुण्याच्याही.
त्यानं भुरका मारला, लांबलचक.
मीही मारला. कोपराला कोपर लागलं.

फळीवर सांडलेल्या रश्श्यात
मी बोट बुडवलं.
आधी छोटा ठिपका, मग रेघ, खालून वर.
जमली नाही.
परत, खालून वर. पाहुणा बघत होता,
मान हलवली त्यानं: हां, आता.

तेवढ्यात शिवलीलानं फडकं फिरवलं,
कुठल्या भाषेत होतं, विचारलं नाही.
खडू घेतला, भिंतीवर माझ्या नावापुढे
तेविसावी रेघ मारली.
वरून खाली.